स्टिक की व्हील? आरसी कारच्या रिमोटबद्दल तुमचे प्रश्न

नमस्कार मंडळी. या वेळी आलेले बरेचसे प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येत होते, आरसी म्हणजे रेडिओ कंट्रोलच्या गाडीचा रिमोट कुठला घ्यायचा, दोन दांड्यांचा स्टिकवाला की बंदुकीसारखा धरायचा व्हीलवाला. म्हणून अख्खं सदर त्यालाच दिलंय. सरावाने आपण सगळे रिमोट म्हणतो पण खरा शब्द ट्रान्समीटर, खाली दोन्ही शब्द येतील, अर्थ एकच.

प्रश्न: दादा, पहिलीच हॉबी ग्रेड (साधं खेळणं नव्हे, छंदवाल्यांची) गाडी घेतलीय, १/१० स्केलची बग्गी. किट आहे त्यामुळे ट्रान्समीटर वेगळा घ्यायचाय. ट्रॅकवरच्या जुन्या लोकांपैकी दोघंतिघं स्टिक वापरतात आणि म्हणतात खरी अचूकता स्टिकमधेच, बाकी सगळ्यांकडे व्हील. मी आजवर गाड्या फक्त गेम कंट्रोलरवर चालवल्यात त्यामुळे मला वाटतंय स्टिक लवकर जमेल. बरोबर विचार करतोय का?

उत्तर: अर्धा बरोबर आहे, आणि तो उरलेला अर्धा महत्त्वाचा आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा, गाडीला काहीच कळत नाही की तुमच्या हातात काय आहे. दांडी ढकला नाहीतर चाक फिरवा, रिसिव्हरकडून (गाडीतला सिग्नल पकडणारा भाग) सर्वोला (चाकं वळवणारी छोटी मोटर) जातो तो सिग्नल सारखाच असतो, साधारण १.५ मिलिसेकंदाचा पल्स म्हणजे मधोमध, १ मिलिसेकंदाच्या आसपास एक टोक आणि २ च्या आसपास दुसरं टोक. म्हणजे 'स्टिकवर गाडी जास्त अचूक वळते' हे वाक्य गाडीबद्दलचं नाही, ते बोलणाऱ्याच्या अंगठ्याबद्दलचं आहे. त्याचा अंगठा वीस वर्षं त्या दांडीवर बसलाय म्हणून त्याला अचूक वाटतं आणि त्याच्यापुरतं ते शंभर टक्के खरं आहे.

आता हातांचं बघा. गाडीच्या स्टिक ट्रान्समीटरवर बहुतेक वेळा डाव्या अंगठ्याकडे थ्रॉटल म्हणजे वेगाचं काम असतं, वर ढकललं की पुढे, खाली ओढलं की ब्रेक किंवा रिव्हर्स, आणि उजव्या अंगठ्याकडे स्टिअरिंग, डावं-उजवं. गेम कंट्रोलरवर काय असतं? स्टिअरिंग डाव्या अंगठ्याला आणि ॲक्सिलरेटर उजव्या तर्जनीला! म्हणजे नेमकं उलटं. तुमचे अंगठे तयार आहेत हे खरं, पण वळवायचं काम ज्या अंगठ्याला येतं त्याच्या वाट्याला इथे थ्रॉटल येणार. व्हीलवाल्यात ट्रिगर तर्जनीनेच ओढायचा असतो, ती सवय तुम्हाला आहे, पण तो डाव्या हाताच्या तर्जनीने, कारण डावा हात मूठ धरतो आणि उजवा चाक फिरवतो. म्हणजे गेमची सवय दोन्हीकडे अर्धीअर्धीच कामी येते. म्हणून निव्वळ त्या कारणासाठी स्टिक घेऊ नका.

मग फरक नक्की कशात आहे? व्हीलमधे दोन हातांना दोन वेगळी कामं मिळतात आणि ती एकमेकांत मिसळत नाहीत, हे नवीन माणसाला फार मदतीचं असतं. फोमची कड असलेलं ते चाक मनगटाने फिरवायचं त्यामुळे थोडंसं वळवणं आणि पूर्ण वळवणं यातला फरक हाताला लवकर कळतो. स्टिकवर तेच काम अंगठ्याच्या सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरच्या हालचालीत करायचं असतं, त्यामुळे सुरुवातीला सगळेजण एकतर अजिबात वळवत नाहीत नाहीतर एकदम टोकाला नेतात आणि गाडी नागमोडी जाते. पण एकदा हात बसला की तोच छोटा अंगठा फार पटकन काम करतो, एका बाजूच्या टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला त्याला काही वेळच लागत नाही. ब्रेकचंही तसंच आहे. ट्रिगर ओढायला बोटात ताकद असते पण पुढे ढकलायला तेवढी नसते, म्हणून हळुवार ब्रेक ट्रिगरवर शिकायला वेळ लागतो, स्टिकवर ढकलणं आणि ओढणं दोन्ही अंगठ्याला जवळपास सारखं.

व्हीलचा एक त्रास कोणी सांगत नाही तो मी सांगतो. पूर्ण यंत्राचं वजन एका मुठीत असतं, आणि चाक जोरात फिरवलं की अख्खा ट्रान्समीटर हातात थोडा तिरका होतो. पाच मिनिटांच्या रेसमधे कळत नाही, तासभर सराव केला की डाव्या मनगटाला कळतं. स्टिकचं वजन दोन्ही तळहातांवर वाटलं जातं. काही जण तर गळ्यात पट्टा अडकवतात किंवा ट्रे लावतात आणि दांडी अंगठा व तर्जनीच्या चिमटीत धरतात, त्या पकडीत फारच बारीक ताबा येतो. नुसत्या अंगठ्याने चालवणारे आणि चिमटीने चालवणारे अशी स्टिकवाल्यांतही दोन घराणी आहेत.

मी स्वतः आधी बरीच वर्षं स्टिकवर होतो, मग व्हीलवर आलो. पहिले काही आठवडे लॅप टाइम पार बिघडले, ब्रेकच्या जागी चुकून गॅस दिला गेला, आणि मग एक दिवस विचार न करता हात आपोआप चालायला लागले. त्यामुळे माझं ठाम मत असं की वेग यंत्रात नाही, न बदलण्यात आहे. जे घ्याल त्यावर किमान तीन महिने दुसऱ्याला हात लावायचा नाही.

तुमच्यासाठी मी व्हील म्हणेन. कारण साधं आहे, तुम्ही कोरी पाटी आहात आणि बाजारात गाडीसाठीचे ट्रान्समीटर बहुतेक व्हीलचेच आहेत, साध्यापासून महागापर्यंत भरपूर पर्याय मिळतात. गाडीसाठीच्या स्टिकमधे आता मोजकीच मॉडेल्स उरलीत, फुताबाचा ४जीआरएस किंवा सान्वा आणि केओ प्रोपो या कंपन्यांचे काही, आणि जपान-युरोपकडचे टूरिंग कारवाले अजून ते प्रेमाने वापरतात. पण हे सगळं असूनही कोणाचा तरी स्टिक हातात घेऊन बघा, आणि नुसता धरून बघू नका, एक पूर्ण बॅटरी संपेपर्यंत गाडी चालवा. ती बॅटरी संपताना जर तुम्ही हाताकडे बघायचं विसरला असाल तर माझं ऐकू नका, स्टिकच घ्या.

आणि कुठलाही घ्या, त्यात एंड पॉइंट ॲडजस्टमेंट (वळण किंवा थ्रॉटल कुठपर्यंत जावं याची मर्यादा), ड्युअल रेट आणि एक्स्पो (वळण किती आणि कसं यावं ते ठरवणारे, खाली येतील), फेलसेफ (सिग्नल गेला तर गाडीने काय करायचं ते) आणि दोनचार गाड्यांच्या सेटिंग्ज साठवणारी मॉडेल मेमरी एवढं असलंच पाहिजे. शिवाय रिसिव्हर त्याच कंपनीच्या त्याच प्रोटोकॉलचा, म्हणजे सिग्नलच्या त्याच भाषेचा लागतो, सगळे २.४ गिगाहर्ट्झवर असले तरी फ्लायस्कायचा ट्रान्समीटर फुताबाच्या रिसिव्हरला बाइंड होत नाही म्हणजे जोडलाच जात नाही, आणि एकाच कंपनीतसुद्धा प्रोटोकॉल वेगवेगळे असतात. दुसरी गाडी घेतली की दुसरा रिसिव्हर लागणार, तेव्हा ट्रान्समीटरच्या किमतीबरोबर रिसिव्हरची किंमतही आत्ताच बघून ठेवा.

प्रश्न: मी सात वर्षं विमानं उडवतोय, मोड २ (थ्रॉटल डाव्या दांडीवर), सहा चॅनेलचा म्हणजे सहा वेगवेगळी कामं चालवणारा ट्रान्समीटर आहे. आता मुलासाठी गाडी आणलीय, तिला हाच वापरला तर चालेल ना? स्टिकवर हात तर बसलेलाच आहे.

उत्तर: चालेल, पण तीन गोष्टी केल्याशिवाय गाडी जमिनीवर ठेवू नका.

एक म्हणजे थ्रॉटलची दांडी. विमानात ती सोडली तिथेच राहते, आत रॅचेट म्हणजे दात्यांची अडकण असते म्हणून. गाडीत ती सोडली की मधे परत आली पाहिजे, कारण मधे म्हणजे न्यूट्रल. बऱ्याच ट्रान्समीटरमधे मागचं झाकण उघडून रॅचेटची पट्टी सैल करून स्प्रिंग लावता येते, काहींमधे ती स्प्रिंग बरोबर येते. ते जमत नसेल तर तोच ट्रान्समीटर गाडीला वापरायचा हट्ट सोडून द्या, घाबरलेला माणूस दांडी सोडून देतो आणि गाडी तशीच धावत राहते.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त काळजीची वाटते, ती फेलसेफ. विमानात सिग्नल गेला तर थ्रॉटल एकदम खाली जावं असं आपण सेट करतो, तिथे खाली म्हणजे इंजिन बंद. गाडीत एकदम खाली म्हणजे फुल ब्रेक आणि काही ईएससीवर (मोटरचा वेग सांभाळणारा भाग) फुल रिव्हर्स! विमानाची सेटिंग कॉपी करून गाडी चालवली आणि रेंज गेली तर गाडी मागच्या मागे सुसाट सुटू शकते. फेलसेफ न्यूट्रलवर ठेवा, नायट्रो म्हणजे इंधनाच्या इंजिनाची गाडी असेल तर हलक्या ब्रेकवर. मग गाडीची चाकं हवेत राहतील अशी तिला ठोकळ्यावर ठेवा, थोडं थ्रॉटल द्या आणि ट्रान्समीटर बंद करून बघा चाकं थांबतात का. हे मी कोणालाही न चुकता करायला लावतो, कारण माझी एक नायट्रो गाडी फेलसेफ न तपासता चालवल्यामुळे सरळ भिंतीवर गेली होती, आणि त्या भिंतीजवळ थोड्याच वेळापूर्वी एक लहान मुलगा उभा होता. त्या दिवसाचं अजून आठवतं.

तिसरं, ईएससी नव्याने कॅलिब्रेट करा म्हणजे ट्रान्समीटरशी जुळवून घ्या, न्यूट्रल, फुल थ्रॉटल, फुल ब्रेक या क्रमाने किंवा मॅन्युअलमधे जो दिलाय त्या. ट्रान्समीटर फुताबाचा असेल तर थ्रॉटल चॅनेल बऱ्याचदा रिव्हर्स करावा लागतो, हे माहीत नसलं की माणूस अर्धा दिवस ईएससी खराब आहे समजून बसतो. विमानाचा ट्रान्समीटर चालू करताना थ्रॉटल खाली नाही म्हणून जी वॉर्निंग येते ती गाडीच्या मॉडेलपुरती बंद करा.

मुलाबद्दल मात्र एक सांगू का? तुमचा हात स्टिकवर बसलाय, त्याचा नाही. तुम्ही चालवणार असाल तर स्टिक, तो चालवणार असेल तर त्याला विचारा.

प्रश्न: माझी मुलगी ९ वर्षांची आहे आणि डावखुरी आहे. दुकानात जे व्हीलवाले रिमोट बघितले त्या सगळ्यांचं चाक उजव्या बाजूला. तिला अवघड जाईल का? की स्टिकवाला घेऊ?

उत्तर: ताई, एवढ्या एका कारणासाठी व्हील नाकारू नका. चाक उजवीकडे असतं हे खरं, पण ट्रिगर डाव्या बोटाला असतो, आणि थ्रॉटल-ब्रेकचं काम स्टिअरिंगपेक्षा जास्त नाजूक असतं. म्हणजे डावखुऱ्या मुलाचा चांगला हात नाजूक कामावर येतो. बरीच डावखुरी मुलं नेहमीच्याच व्हीलवर अगदी आरामात चालवताना मी पाहिलीत. काही वरच्या मॉडेल्समधे चाक काढून दुसऱ्या बाजूला लावायची सोय असते, पण ती सुरुवातीलाच लागेल असं नाही.

मला तिच्या डावखुरेपणापेक्षा तिच्या हाताचा आकार जास्त महत्त्वाचा वाटतो. मूठ जाड असेल तर ट्रिगरपर्यंत बोट पूर्ण पोचत नाही, मग मुलं बोटाच्या टोकाने ओढतात आणि थ्रॉटल झटक्यात जातं. तिला दुकानात घेऊन जा, ट्रिगर बोटाच्या पहिल्या पेराने नीट पूर्ण ओढता आणि पुढे ढकलता येतो का बघा, आणि सेल घातलेला रिमोट दोन मिनिटं धरून हात खाली येतो का तेही बघा, रिकाम्या रिमोटवरून वजन कळत नाही. स्टिकमधे हा पोचण्याचा प्रश्न कमी येतो, छोटा दोन स्टिकचा रिमोट मांडीवर ठेवूनही चालवता येतो, म्हणून व्हील हातात मावतच नसेल तर बिनधास्त स्टिक द्या.

आणि थ्रॉटलला मर्यादा घाला. एंड पॉइंट ५० टक्क्यांवर आणला की पूर्ण ट्रिगर ओढूनसुद्धा गाडी निम्म्याच जोराने जाईल. ब्रेक मात्र पूर्ण राहू द्या.

प्रश्न: गाडीबरोबर आलेला साधा स्टिक रिमोट बदलून चांगला व्हीलवाला घेतला. आता गाडी सरळ जातच नाही, जरा चाक हललं की उडी मारल्यासारखी वळते, आणि वळताना पुढून गुंईं असा आवाज येतो. परत स्टिकवर जावं असं वाटायला लागलंय.

उत्तर: थांबा, दोष व्हीलचा नाही. नवीन ट्रान्समीटरमधे सगळ्या सेटिंग्ज कोऱ्या असतात, तुमच्या गाडीचं त्याला काही माहीत नाही.

तो गुंईं आवाज आधी थांबवा कारण त्यात सर्वो जळू शकतो. चाकं यांत्रिकदृष्ट्या जेवढी वळू शकतात त्याच्यापुढे सर्वो ढकलत राहतो आणि अडकून करंट खातो, त्याचा तो आवाज आहे. सुरुवात मधून करा. ट्रिम (मधली जागा थोडी सरकवणारी सेटिंग) शून्यावर आणा, गाडी चालू करा, सर्वोचा हॉर्न म्हणजे त्यावरची छोटी पट्टी काढून तो जितका सरळ बसेल तितका बसवा, उरलेला थोडा फरक सब-ट्रिमने, म्हणजे ट्रिमसारख्याच बारीक सेटिंगने काढा. मग डावीकडे पूर्ण चाक फिरवून एंड पॉइंट आवाज बंद होईपर्यंत कमी करत आणा, मग उजवीकडे. दोन्ही आकडे सारखे नसतील आणि ते ठीक आहे, वळणाचा घेर दोन्हीकडे सारखा आला पाहिजे, आकडे नाही.

आता उडी मारण्याचं. तिथे एक्स्पो लागतो. एक्स्पोमुळे चाकाच्या मधल्या भागात गाडी कमी प्रतिसाद देते आणि टोकाकडे जास्त, शेवटचं वळण तेवढंच राहतं. ड्युअल रेट मात्र सगळंच वळण कमी करतो, म्हणून तो कमी केलात तर सरळ छान जाईल पण छोट्या वळणात गाडी बाहेर फेकली जाईल. बरेच जण इथे गोंधळ करतात. एक्स्पो थोडाथोडा वाढवत जा. काही कंपन्यांत मऊ करायला उणे आकडा टाकावा लागतो आणि काहींत अधिक, म्हणून एकदा मुद्दाम मोठा आकडा टाकून गाडी उभी असतानाच चाकं बघा, चाक थोडंसं फिरवल्यावर गाडीची चाकं जवळपास हलली नाहीत तर दिशा बरोबर आहे, मग आकडा खाली आणा.

तुमचा जुना साधा रिमोट सर्वोला कदाचित एवढं लांब ढकलतच नव्हता म्हणून हे सगळं लपलेलं होतं. एक संध्याकाळ द्या याला.

प्रश्न: घरात जुना २७ मेगाहर्ट्झचा दोन स्टिकचा सेट पडलाय, क्रिस्टलवाला, उत्तम स्थितीत. सरावासाठी वापरावा का?

उत्तर: एकटे मोकळ्या जागेत चालवणार असाल तर वापरा. आजूबाजूला त्याच क्रिस्टलवर म्हणजे त्याच फ्रिक्वेन्सीवर दुसरं कोणी असेल तर दोघांच्याही गाड्या वेड्यासारख्या वागतील, पूर्वी ट्रॅकवर म्हणूनच फ्रिक्वेन्सीचे चिमटे लावायची पद्धत होती, ज्याच्याकडे चिमटा त्यानेच ट्रान्समीटर चालू करायचा. २.४ आल्यावर ते सगळं संपलं. पण दांड्यांचा हात बसवायला तो सेट काही वाईट नाही, फक्त नायट्रोला नको कारण अशा जुन्या सेटमधे बहुतेक वेळा फेलसेफ नसतो. आणि आधी ट्रान्समीटर चालू मग गाडी, बंद करताना आधी गाडी मग ट्रान्समीटर, हा क्रम जुन्यात तर अजिबात मोडू नका.

प्रश्न: रॉक क्रॉलर आहे. दगडधोंड्यांतून गाडीच्या मागे चालत जावं लागतं. विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारी मोटर) आणि दिवेही लावायचेत.

उत्तर: व्हील, आणि किमान चार चॅनेलचा, मागची चाकंही वळवायची असतील तर सहाचा. स्टिक दोन्ही हात अडकवून ठेवतो आणि दगडावर पाय घसरला तर धरायला एक हात मोकळा लागतो. हल्ली एकाच हाताने चालवायचे ट्रान्समीटरही मिळतात, त्यात स्टिअरिंग त्याच हाताच्या अंगठ्याला असतं, क्रॉलरच्या संथ वेगाला ते छान जमतं. फक्त रेसिंगला तो घेऊ नका.

प्रश्न: मी १३ वर्षांचा आहे. माझ्याकडे व्हीलवाला रिमोट आहे. गाडी लांब जाताना बरोबर वळते पण माझ्याकडे परत येताना मी नेहमी उलटं वळवतो आणि धडकते. मित्र म्हणतो स्टिकवर असं होत नाही. खरं आहे का?

उत्तर: नाही रे, स्टिकवरही अगदी असंच होतं, आणि सगळ्यांनाच होतं. गाडी तुझ्याकडे तोंड करून येते तेव्हा तिचं डावं तुझ्या उजवीकडे असतं, त्यात रिमोट काही करू शकत नाही. रिमोट बदलू नकोस.

त्याऐवजी एक कर. दोन चपला पाचसहा मीटर अंतरावर ठेव आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गाडी फिरव, हळू, चालण्याच्या वेगाने. आठमधे दोन्ही दिशांची वळणं येतात आणि गाडी निम्मा वेळ तुझ्याकडेच येत असते. मनात असं समज की तू गाडीत बसलायस आणि तिच्या तोंडाकडून बघतोयस. सुरुवातीला वाटलं तर गाडीबरोबर अंग वळवून उभा राहा, कोणी हसत नाही, आम्ही सगळे तसेच शिकलो. गाडी येता येता गोंधळ झाला तर वळवू नकोस, थ्रॉटल सोड, गाडी थांबू दे, मग विचार करून वळव. न धडकता सलग दहा आठ झाले की चपला थोड्या जवळ आण आणि परत सुरू कर.